सहा तासांचा दरबार : अहिल्याबाई होळकर टीम कशी चालवायच्या

सकाळी फोन शंभर टक्के चार्ज असतो आणि दुपारी बारालाच बॅटरी चाळीसवर येते. स्क्रीन तर फारशी वापरलेलीही नसते. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं की कळतं, मागे पंधरा अ‍ॅप गुपचूप चालू आहेत.

माणसांचंही बरंचसं असंच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआऊटची व्याख्या केली. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ हाताळलाच गेला नाही की तीन गोष्टी दिसतात: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटतं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येतो आणि कामाचा दर्जा घसरतो. या व्याख्येत तास मोजलेले नाहीत, हे लक्षात घ्या. बारा तास काम करूनही ताजा राहणारा एखादा असतो आणि सात तासांत पिळून निघणाराही असतो. फरक बऱ्याचदा मागे चालू राहिलेल्या अ‍ॅपचा असतो: हे काम नक्की कोणाचं? उद्या मॅनेजर बदलला तर? रात्री फोन वाजला तर?

हे प्रश्न मिटवून अठ्ठावीस वर्षं एक मोठा कारभार चालवणारी बाई आपल्याच नगर जिल्ह्यात जन्मली. 2024 पासून जिल्ह्याला तिचंच नाव आहे. शाळेत आपण अहिल्यादेवींची देवळं आणि घाट पाठ केले. त्या काम कसं करायच्या, हे मात्र फारसं वाचलं नाही.

चौंडी ते महेश्वर

जन्म 31 मे 1725, चौंडी. जामखेड तालुक्यातलं, सीना नदीकाठचं हे गाव. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. लहान वयातच मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव यांच्याशी लग्न झालं आणि त्या माळव्यात गेल्या.

1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, सासऱ्यांनी थांबवलं. नुसतं थांबवलं नाही, कामाला लावलं. 1765 च्या सुमाराची मल्हाररावांची त्यांना लिहिलेली पत्रं आहेत. त्यात तोफा कुठे न्यायच्या, दारूगोळ्याची तजवीज कशी करायची अशा सूचना आहेत. आजच्या भाषेत हे ट्रेनिंग थेट प्रॉडक्शनवर झालं.

1766 मध्ये मल्हारराव वारले. वर्षभरात मुलगा मालेरावही गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा बेत होता की एक लहान मूल दत्तक घ्यावं आणि कारभार आपण बघावा. राघोबादादा फौज घेऊन उज्जैनजवळ आले. अहिल्याबाईंनी ठाम नकार दिला, लढायची तयारी केली आणि माधवराव पेशव्यांकडून मान्यताही मिळवली. 1767 मध्ये कारभार त्यांच्या हातात आला आणि पुढे नर्मदाकाठचं महेश्वर राजधानी झालं.

दिवस कसा जायचा

जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी 1818 नंतर माळव्यात होता. अहिल्याबाईंच्या हाताखाली काम केलेली म्हातारी माणसं तेव्हा हयात होती. त्यांना विचारून त्याने त्यांचा दिनक्रम लिहून ठेवला. तो आजच्या कॅलेंडर अ‍ॅपमध्ये टाकला तर असा दिसेल:

- सूर्योदयाच्या तासभर आधी: उठणं. मग पूजा, पुराण ऐकणं, दानधर्म
- नंतर: साधं जेवण, थोडी विश्रांती
- दुपारी 2 ते संध्याकाळपर्यंत: दरबार
- त्यानंतर दोन-तीन तास: पूजा आणि हलकं जेवण
- रात्री 9 ते 11: पुन्हा कामकाज, मग झोप

उपास आणि सणवार सोडले तर यात फारसा बदल होत नसे.

बेरीज करा. दरबाराचं काम साधारण सहा तास, दोन तुकड्यांत. अख्खी सकाळ मोकळी आणि मधली संध्याकाळही राखून ठेवलेली. आता कोणी म्हणेल, राणीला काय, ती ठरवेल ती वेळ. खरं आहे. पण मुद्दा तिच्या आरामापेक्षा तिच्या टीमचा आहे. वरचा माणूस रात्री साडेबाराला मेसेज टाकायला लागला की खालचे दहा जण फोन उशाशी घेऊन झोपतात. बाईसाहेब कधी भेटणार आणि कधी नाही, हे कारकुनापासून फिर्यादीपर्यंत सगळ्यांना माहीत असणं, हाच त्या काळातला डू नॉट डिस्टर्ब मोड.

फिर्याद कोणाचीही असो, त्या स्वतः ऐकायच्या. पण प्रत्येक निकाल स्वतः द्यायचा असा हट्ट नव्हता. अनेक प्रकरणं पंचायतीकडे किंवा कारभाऱ्यांकडे जायची. ऐकायला सगळ्यांसाठी दार उघडं, पण निर्णयाचा ढीग एकाच टेबलावर नाही. आपल्याकडे सहसा उलटं असतं: साहेब भेटत नाहीत आणि त्यांच्या सहीशिवाय काही हलतही नाही.

माणसं सारखी बदलायची नाहीत

माल्कमने आणखी एक गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे. गोविंदपंत गानू हे एकच मुख्य कारभारी सगळ्या कारकिर्दीत टिकले. खालचे अधिकारीही क्वचितच बदलले गेले. इंदूरचे कमाविसदार, म्हणजे महसूल गोळा करणारे अधिकारी, वीस वर्षांहून जास्त काळ त्याच जागी होते.

ज्यांच्या कंपनीत दर सहा महिन्यांनी रीऑर्ग होतो, त्यांना याची किंमत विचारा. नवा मॅनेजर आला की आधी त्याला सगळं समजावून सांगा, मग तो प्राधान्यक्रम बदलणार, मग अर्धवट काम फेकून द्या. नवीन काही सुचायला डोकं मोकळं लागतं आणि आपण उद्या इथे असू की नाही या काळजीत ते मोकळं राहत नाही.

सैन्याचं कामही असंच वाटलेलं होतं. तुकोजी होळकर हे वयाने मोठे, अनुभवी सरदार. मोहिमा त्यांच्याकडे, राज्यकारभार बाईंकडे. पुणे, हैदराबाद, नागपूर, लखनऊ, कलकत्ता इथे त्यांचे वकील असायचे. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ अशी बांधकामं तर दुसऱ्यांच्या मुलखात चालू होती. सगळं पत्रांवर आणि नेमलेल्या माणसांवर. पूर्ण रिमोट टीम, तीही इंटरनेटशिवाय.

रोजची आग आणि तिचं मूळ

डोंगराळ भागातून जाणाऱ्या वाटांवर भिल्ल टोळ्या लूट करायच्या. आधी बळाचा वापर झाला. पण दर वेळी फौज पाठवणं म्हणजे तोच बग दर आठवड्याला हाताने दुरुस्त करणं. मग अहिल्याबाईंनी तोडगा काढला. भिल्लांच्या मुलखातून जाणाऱ्या मालावर लहानशी पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला आणि त्या बदल्यात वाटेच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. भिल्लांना उत्पन्न मिळालं, व्यापाऱ्यांना रस्ता मिळाला आणि सैन्याचा ऑन-कॉल कमी झाला.

नवीन काही घडायला जागा

महेश्वरमध्ये बाहेरून विणकर आणून वसवले गेले. त्यातून महेश्वरी साडी उभी राहिली. तिच्या काठावरची बरीच नक्षी तिथल्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कामाशी जुळते. कारागिराला राहायला जागा, हमखास गिऱ्हाईक आणि डोळ्यासमोर नमुना मिळाला की तो काय करतो, ते यात दिसतं. हातमाग मधल्या काळात मंदावले, 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्याच लोकांनी त्यांना पुन्हा बळ दिलं आणि आज ती साडी ऑनलाइनही मिळते.

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी यांची गोष्टही नगरकरांना माहीत असेल. बाईंच्या सांगण्यावरून ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, असं सांगितलं जातं.

खुशामतीला मात्र जागा नव्हती. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा अख्खा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला सांगितला. साहेबाला खूश करणं हे काम उरलं नाही की लोकांचा वेळ खऱ्या कामाला मिळतो.

माल्कमने लिहिलेलं एक दृश्य मला सगळ्यात आवडतं. महेश्वरच्या आसपास भर दुपारी शेतकरी नांगर धरून असायचा आणि बाईंचा माणूस पाणी घेऊन यायचा. बैल थांबवून त्यांना पाणी पाजायचा, मग औत पुढे. बैल कोसळेपर्यंत वाट बघायची नाही. दुपार होणार हे रोजच माहीत असतं, तर पाणीही रोजच यायला हवं.

तीन दिवस

या सगळ्यामुळे त्यांना त्रास झाला नाही असं नाही. उतारवयात नातू गेला. 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. अहिल्याबाईंनी विनवण्या केल्या, पण ती ऐकेना. एकुलती एक उरलेली मुलगी डोळ्यांसमोर गेली.

त्यानंतर तीन दिवस त्या जेवल्या नाहीत, बोलल्या नाहीत. मग मुलीचं स्मारक बांधायला घेतलं आणि हळूहळू कामावर परतल्या. अशा वेळी दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप उघडून बसणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक होतं. इथे तीन दिवस राज्याची मालकीण गप्प होती आणि कारभार थांबला नाही, कारण गानू आणि बाकीची माणसं आपापल्या जागी होती. टीम नीट बांधलेली असेल तरच माणसाला दुःख करायला सुट्टी मिळते.

जिथे गणित चुकलं

सगळंच जमलं असं मात्र नाही. तिजोरी बाईंकडे आणि फौज तुकोजींकडे. मोहीम लांबली की तुकोजी पैसे मागायचे, बाई हिशोब मागायच्या. दोघांमध्ये वर्षानुवर्षं कुरबुर चालली. काम वाटलं, पण त्याला लागणाऱ्या पैशाचा नियम ठरला नाही. बाकी सगळीकडे मिटवलेला प्रश्न इथे मागे चालूच राहिला.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. आमच्याकडे बस फॅक्टर म्हणतात: किती जण अचानक गेले तर प्रोजेक्ट बंद पडेल? 13 ऑगस्ट 1795 ला अहिल्याबाई गेल्या, 1797 मध्ये तुकोजी. पुढे वारसांची भांडणं पेटली आणि माळव्याची घडी विस्कटली. सवयी चांगल्या होत्या, पण त्या एका व्यक्तीच्या होत्या, पुढच्या माणसासाठी नियम म्हणून उरल्या नाहीत.

तुमच्या टीमसाठी

पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच तपासून बघा:

1. साहेब कधी उपलब्ध आणि कधी नाही, हे सगळ्यांना माहीत आहे का?
2. वर न विचारता कोण काय ठरवू शकतं, ते लिहिलेलं आहे का?
3. काम दिलं, त्यासोबत पैसा आणि अधिकारही दिला का?
4. दर आठवड्याला तीच आग विझवतोय का? तिचं मूळ काय?
5. एखाद्याला अचानक आठवडाभर थांबावं लागलं, तर त्याचं काम कोण बघेल?

पाचपैकी ज्याचं उत्तर "बघू" असं येईल, ते तुमचं मागे चालू असलेलं अ‍ॅप. आधी ते बंद करा.