शिकाऱ्याच्या हातातील कॅमेरा

जिम कॉर्बेट यांचे नाव निघाले की नरभक्षक वाघ आणि बंदूक हीच जोडी डोळ्यांपुढे येते. १८७५ साली नैनीताल येथे जन्मलेल्या या माणसाने १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. कुमाऊंच्या खेडुतांनी त्यांना देवमाणूस मानले यात नवल नाही. तथापि आयुष्याच्या उत्तरार्धात वाघांचे चलच्चित्रण करण्यासाठी त्यांनी जी दहा वर्षे वेचली, त्यांची वाच्यता क्वचितच होते.

प्रेरणा वनाधिकारी फ्रेडरिक चॅम्पियन यांची. तारेला वाघाचा पाय लागताच रात्री लख्ख प्रकाश पडून छायाचित्र निघावे, अशी त्यांची योजना असे. कॉर्बेट यांना मात्र दिवसाउजेडी हिंडता वाघ टिपावयाचा होता, आणि तेथेच घोडे अडले. कॅमेऱ्याची घरघर कानी पडताच वाघ नाहीसा होई. अखेरीस त्यांनी जंगलातील ओढ्यावर लहान लहान बांध घातले, पडत्या पाण्याच्या खळखळाटात यंत्राचा आवाज बुडविला, आणि तब्बल सात वाघ एकाच जागी चित्रित केले. गोळी झाडावयास एक क्षण पुरतो; येथे महिनेच्या महिने खर्ची पडले. परंतु वाघाचे कातडे एकाच्याच दिवाणखान्यात टांगले जाते, चित्र कितीही जणांनी पाहिले तरी उणे होत नाही. या व्यवहारातील नफा त्यांनी नेमका ओळखला होता.

म्हणून त्यांना संत ठरविण्याचे कारण नाही. चॅम्पियन यांच्याप्रमाणे त्यांनी बंदूक पुरती खाली ठेवली नाही. ठाकची नरभक्षक वाघीण त्यांनी १९३८ साली मारली; व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी शिकारीची व्यवस्थाही केली. मात्र १९३६ साली रामगंगेच्या खोऱ्यात हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे त्यांचाही आग्रह होता. गव्हर्नरांचे नाव ल्यालेल्या या उद्यानाला पुढे कॉर्बेट यांचे नाव मिळाले, ते त्यांच्या मृत्यूनंतर. १९४७ मध्ये ते बहिणीसह केनियास गेले आणि १९५५ साली तेथेच निवर्तले.

व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ १९७३ साली याच उद्यानात झाला. २०२२ च्या गणनेत तेथे २६० वाघ आढळले. त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी आता मोटारींची रांग लागते; कॉर्बेट यांनी एका यंत्राची घरघर लपविण्यासाठी ओढ्याला बांध घातले होते, हे त्या रांगेत बसलेल्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल?