दोन घरांमधला मुलगा

१९६८ साली ‘दो कलियाँ’ हा हिंदी बोलपट निघाला. आमच्या बडोद्यात तो लागला तेव्हा वाड्यातली सारी मुले मोठ्यांच्या मागे लागून पाहायला गेली. त्यांत मीही होतो. बेबी सोनिया या नावाने त्या वेळी काम करणाऱ्या नीतू सिंगने त्यात जुळ्या बहिणींची दुहेरी भूमिका केली होती. आई-बाप दुरावलेले, एक मुलगी आईकडे, दुसरी बापाकडे. दोघी योगायोगाने भेटतात, जागा बदलतात आणि मोडलेले घर पुन्हा उभे करतात. जुन्या वाचकांना ही कथा आठवत असेल.

आमच्याबरोबर त्या दिवशी वाड्यातलीच एक मुलगी होती. तिचे आई-वडील विभक्त झाले होते. वर्षभर ती आजोळी राही आणि सुटीत वडिलांकडे येई. एका घरातले दुसऱ्या घरात बोलायचे नाही, हे तिला कुणी शिकवले नव्हते. तिचे तिलाच उमगले होते. शेवटी पडद्यावर सगळे एक झाले तेव्हा आम्ही पोरांनी टाळ्या पिटल्या. ती मात्र गप्प बसून होती. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला फार उशिरा, या कथेच्या मूळ कर्त्याचे चरित्र वाचताना लागला.

‘दो कलियाँ’च्या आधी हीच कथा १९६५ साली तमिळमध्ये आली होती आणि त्याही आधी, १९६१ साली, अमेरिकेत डिस्नेच्या बोलपटात हेली मिल्स या मुलीने त्या जुळ्या बहिणी रंगवल्या होत्या. पण मूळ पुस्तक जर्मन. १९४९ साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याचा लेखक होता एरिख केस्टनर.

केस्टनरचा जन्म २३ फेब्रुवारी १८९९ रोजी ड्रेस्डेन शहरात झाला. वडील एमिल हे खोगीर व चामड्याचे सामान बनवणारे कसबी कारागीर. कारखान्यांपुढे त्यांचा धंदा टिकला नाही आणि त्यांना पेट्या बनवण्याच्या कारखान्यात मजुरी धरावी लागली. आई इडा जिद्दीची. मुलाला शिकवायचे म्हणून तिने संसार सांभाळून बायकांचे केस विंचरण्याची कला शिकून घेतली आणि घरच्या घरी तो धंदा चालवला. नवरा-बायकोचे एकमेकांशी फारसे जमले नाही. घटस्फोट झाला नाही. एकाच छपराखाली दोघे राहिले आणि त्यांच्यामध्ये हा एकुलता एक मुलगा वाढला.

केस्टनरने आपल्या बालपणाच्या आठवणी १९५७ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत नाताळचा एक प्रसंग आहे. वडील तळघरात आठवडेच्या आठवडे खपून लाकडाचा तबेला, घोडे, गाडी असे काहीतरी स्वतःच्या हातांनी घडवीत. आई दुकाने पालथी घालून भेटी आणी. सणाच्या संध्याकाळी एका बाजूला आईच्या वस्तू, दुसऱ्या बाजूला वडिलांच्या आणि दोघांचीही नजर मुलाच्या चेहऱ्यावर. मुलगा एकदा इकडे हरखून पाही, एकदा तिकडे. कुणाच्या वाट्याला आनंद रतिभर कमी जाऊ नये, ही त्याची धडपड. वर्षातला सर्वांत आनंदाचा दिवस त्याला सर्वांत अवघड जाई.

याहून जड आठवण आईच्या चिठ्ठ्यांची. मनाचा तोल गेला की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर निरोपाच्या दोन ओळी ठेवून घराबाहेर पडे. शाळेतून परतलेला मुलगा चिठ्ठी पाही आणि एल्ब नदीवरच्या एका पुलावरून दुसऱ्या पुलाकडे धावत सुटे. कठड्याशी पाण्याकडे पाहत उभी असलेली आई सापडली की तिला हलवून भानावर आणी आणि हात धरून घरी नेई. आई-बापांनी वेगळे न होण्याची किंमतही कधी कधी मूल मोजते, हे त्याला पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. शिक्षक होण्याचे शिक्षण त्याने अर्ध्यावर सोडले, १९१७ साली सक्तीने सैन्यात जावे लागले, तिथून तो हृदयाचे दुखणे घेऊन परतला. लाइपझिगला १९२५ साली डॉक्टरेट मिळवली, वृत्तपत्रांत लिहिले आणि १९२७ साली बर्लिन गाठले. आईला तो जवळजवळ रोज पत्र टाकी. धुण्याचे कपडेसुद्धा टपालाने तिच्याकडे जात. १९२९ साली ‘एमिल आणि त्याचे गुप्तहेर’ निघाले व त्याचे नाव देशोदेशी पोचले. त्यातल्या एमिलची आई केस विंचरण्याचा धंदा करणारी आहे आणि बाप वारलेला आहे. खऱ्या आयुष्यात वडील हयात होते, नाव त्यांचेच एमिल. पुस्तकात ते नाव मुलाला मिळाले आणि बापाची जागा रिकामी राहिली.

एमिलच्या पुढच्या भागात ही रिकामी जागा भरण्याचा प्रश्न येतो. एक भला पोलीस हवालदार एमिलच्या आईला मागणी घालतो. एमिलला तो मनातून नको आहे, पण आईच्या सुखासाठी तो हो म्हणतो. आईलाही खरे तर मुलाबरोबर एकटेच राहायचे आहे. ती मुलाच्या भवितव्यासाठी लग्नाला तयार होते. दोघेही एकमेकांपासून लपवतात आणि हे गुपित फक्त आजीला ठाऊक असते. सावत्र बाप म्हणजे राक्षस, ही जुनी रीत इथे नाही. सगळी माणसे चांगली असूनही मुलाला दुःख होऊ शकते, हे केस्टनरने पोरांच्या पुस्तकात लिहून ठेवले.

तोवर जर्मनीत हिटलर आला होता. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली, तेव्हा केस्टनर गर्दीत उभा राहून स्वतःची पुस्तके जळताना पाहत होता. मित्र देश सोडून गेले, तो राहिला. घडेल ते डोळ्यांनी पाहावे हे एक कारण. आईपासून दूर जाववेना हे दुसरे. मायदेशात लिहिण्यावर बंदी आली. त्याच बंदीच्या काळात, १९४२ च्या सुमारास, त्याने जुळ्या बहिणींच्या एका बोलपटाचा आराखडा लिहिला. युद्ध संपल्यावर त्याचे पुस्तक झाले.

व्हिएन्नाची लुईझे आणि म्युनिकची लोटे सुटीतल्या मुलींच्या वसतिगृहात समोरासमोर येतात. एकीचे केस कुरळे, दुसरीच्या वेण्या. बाकी चेहरा तोच. बाप संगीतकार, आई नियतकालिकाच्या कचेरीत नोकरी करणारी. आई-बापांनी वाटणी करताना प्रत्येकी एक मुलगी घेतली आणि दुसरी आहे हे मुलींना कळूच दिले नाही. पुढे लोटेला एक भयंकर स्वप्न पडते. त्यात बाप करवत घेऊन दोघींना मधोमध कापायला निघतो, म्हणजे दोघांनाही दोघी अर्ध्या अर्ध्या मिळतील. मुलांच्या ताब्याच्या भांडणाचे याहून नेमके चित्र मी कुठे वाचलेले नाही.

पण मला त्या पुस्तकातली सर्वांत मोलाची वाटते ती दुसरी जागा. मध्येच कथा थांबवून लेखक मुलांशी बोलू लागतो. असले विषय पोरांना सांगू नयेत म्हणणाऱ्या मोठ्यांसाठी तो शर्ली टेम्पलचा दाखला देतो. बोलपटात काम करून जगभर गाजलेल्या त्या चिमुरडीला तिचाच बोलपट पाहायला आत सोडले नाही. का, तर ती लहान! घटस्फोट सोसायला मूल मोठे आणि त्याविषयी ऐकायला लहान, हा न्याय केस्टनरला मान्य नव्हता. आई-बाप वेगळे झाल्याने दुःखी होणारी मुले पुष्कळ आहेत आणि ते वेगळे न झाल्याने दुःखी होणारीही पुष्कळ आहेत, हे तो सरळ सांगतो. युद्धानंतरच्या जर्मनीत घटस्फोट भराभरा वाढले होते. वाचणारी मुले तशाच घरांतली होती.

आपल्याकडे श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९३१ सालीच बडोदे संस्थानात हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. अनेक जातींत काडीमोड पूर्वापार होती. पांढरपेशा घरांना ती वाट कायद्याने प्रथम मिळाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तर मुलांच्या ताब्याचा निर्णय करताना शक्य तेथे त्यांची इच्छाही पाहावी, असे कलम आले. तरीही आमच्या वाड्यात तो शब्द आवाज खाली करूनच उच्चारला जाई आणि मूल जवळ आले की बोलणे बदले. ‘दो कलियाँ’नेही तेच केले: बायकोच्या तोऱ्याच्या आईवर सारा दोष टाकला आणि गोड शेवट तेवढा ठेवला.

आता केस्टनरच्या आयुष्यातला अवघड भाग. त्याने लग्न कधीच केले नाही. पत्रकार लुईझेलोटे एंडर्ले ही त्याची दीर्घकाळची सहचरी. जुळ्यांच्या आईला त्याने तिचेच नाव दिले होते. १९५७ च्या डिसेंबरात त्याला फ्रीडेल सीबर्ट या दुसऱ्या स्त्रीपासून मुलगा झाला. नाताळची ती आठवण छापून आली, त्याच वर्षी. मुलाची गोष्ट एंडर्लेपासून काही वर्षे लपवून ठेवलेली होती. पुढे मायलेक बर्लिनला राहिले आणि केस्टनर दोन शहरांत, दोन घरांत ये-जा करीत राहिला. त्या मुलासाठी त्याने १९६३ व १९६७ साली काडेपेटीत झोपणाऱ्या इवल्याशा मुलाची दोन पुस्तके लिहिली. त्या मुलाला आई-बाप नाहीत. एक प्रेमळ जादूगार त्याला सांभाळतो. अखेर कंटाळून फ्रीडेल मुलाला घेऊन स्वित्झर्लंडला निघून गेली. २९ जुलै १९७४ रोजी केस्टनर म्युनिकमध्ये वारला.

जो मुलगा दोघांच्या मध्ये उभा राहून दमला, त्यानेच आपल्या मुलाला तसे उभे केले. हे वाचून मला प्रथम त्याचा राग आला होता. पण त्याने लिहिलेले खोटे होते असे म्हणवत नाही. लोटे-लुईझेचे आई-बाप पुन्हा लग्न करतात, तो शेवट त्याला स्वतःला साधला नाही आणि पुष्कळांना साधत नाही. मुलाला खरे सांगावे, हे मात्र कुणालाही साधण्यासारखे आहे.

वाड्यातली ती मुलगी पुढे सासरी गेली, आमची गाठ राहिली नाही. बोलपटातला गोड शेवट आपल्या घरी होणार नाही, हे तिला त्या दिवशी ठाऊक असावे. तिला हवे होते ते पुस्तकातले ते मधले पान आणि ते पडद्यावर आले नव्हते. आम्ही वाड्यातल्या माणसांनीही ते तिला कधी वाचून दाखवले नाही.