पायरेट की सरखेल?

पनवेलला कॉलेज आहे म्हटलं की बाहेरगावच्या मैत्रिणींना वाटतं, आम्ही रोज संध्याकाळी समुद्रावर फिरायला जात असणार. प्रत्यक्षात आम्हाला समुद्र दिसतो तो लोकल वाशीच्या खाडीवरून जाते तेव्हा, आणि तोही दारात उभं राहायला जागा मिळाली तर! म्हणून या डिसेंबरात शेवटची व्हायवा संपल्यावर हॉस्टेलमधल्या आम्ही नऊ जणींनी बोटीची एका दिवसाची ट्रिप ठरवली. अलिबागजवळच्या थळहून बोट सुटणार, खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटं, दोन्हीकडे पाण्यात डुंबायला थांबा, लाइफ जॅकेट, सकाळचे पोहे, दुपारचं माशाचं जेवण, सगळं एकाच पैशात. मेसच्या डाळीला कंटाळलेल्या माणसाला आणखी काय हवं?

खांदेरीला धमाल आली. धक्क्याच्या आडोशाला अर्धा तास पाण्यात होतो. मग बेटावर भटकलो. १८६७ सालचं दीपगृह, वेताळाचं देऊळ, चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या लोखंडी तोफा आणि दगडाने ठोकलं की भांड्यासारखा वाजणारा एक खडक, सगळं बघून झालं. जेवण उरकून उंदेरीकडे निघालो, आणि तांडेल काकांनी बोट अलीकडेच थांबवली. ओहोटी लागली होती, खडक डोकं वर काढत होते. इथे बोट लावणार नाही आणि कुणाला पाण्यातही उतरू देणार नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. आम्ही हुज्जत घातली. पैसे भरलेत, जॅकेट आहेत, आमच्यातली एक जण तर इंटर-कॉलेजला पोहलेली आहे! काका ढिम्म. शेवटी वैतागून मी विचारलं की असल्या खडकात किल्ला बांधायची अक्कल तरी कुणाची? तेव्हा त्यांनी सांगितलं की ही उंदेरी सिद्दीची आणि ती मागची खांदेरी आंग्र्यांची, आणि कान्होजी आंग्र्यांना सगळा समुद्र मिळाला पण ही उंदेरी काही मिळाली नाही.

आंग्रे हे नाव ऐकून मी चमकले. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेच्या लायब्ररीत समुद्री चाच्यांवर एक रंगीत इंग्रजी पुस्तक होतं. त्यात ब्लॅकबिअर्ड आणि कॅप्टन किडच्या पंगतीत एक अँग्रिया बसवलेला होता. म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं एक डोळा झाकलेला, खांद्यावर पोपट घेतलेला कुणी परदेशी पायरेट समजत होते, तो आमच्या रायगड जिल्ह्यातला निघाला! हॉस्टेलवर परत आल्यावर मी वाचायला बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथे सांगते. (माझ्या शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी.)

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातलं, आडनाव संकपाळ. आंगरवाडीचे म्हणून पुढे आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचं लहानपण गेलं हर्णैच्या सुवर्णदुर्गात, म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेल्या किल्ल्यात. आपण सायकल शिकतो त्या वयात ते भरती-ओहोटी शिकले असणार.

ते दहा वर्षांचे असताना, १६७९ मध्ये, शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला उभा राहणार म्हटल्यावर इंग्रजांनी आपली जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पण त्यांची जहाजं मोठी, त्यांना खोल पाणी लागायचं. मराठ्यांच्या लहान नावा रात्री उथळ पाण्यातून वल्हवत निसटायच्या आणि बेटावर माणसं, रसद पोचवायच्या. इंग्रज बघत राहिले आणि किल्ला झाला. लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी १६८० मध्ये, जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. दोन किल्ले एकमेकांवर तोफा रोखून उभे राहिले. आमची ट्रिप नेमकी या दोघांच्या मधल्या पाण्यात अडली होती!

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, आणि किनाऱ्यावरचे किल्ले एकाकी झाले. त्या काळातली एक हकिगत सांगतात. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार आतून सिद्दीला मिळाला होता. तरुण कान्होजींनी किल्ल्यातल्या लोकांना हाताशी धरून त्यालाच कैद केलं आणि किल्ला वाचवला. तिथून त्यांचं नाव झालं. १६९८ मध्ये सिधोजी गुजरांच्या मागे आरमाराची सूत्रं त्यांच्याकडे आली आणि ते सरखेल, म्हणजे आरमाराचे मुख्य, झाले. अलिबागचा कुलाबा किल्ला हे त्यांचं मुख्य ठाणं.

आता आपल्या ब्रँचचा भाग. कान्होजींकडे युरोपियनांसारखी महासागर ओलांडणारी जहाजं नव्हती. त्यांच्याकडे होते गुराब आणि गलबतं. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांचे, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकाला तोफा बसवलेले. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की शिडाचं मोठं जहाज म्हणजे पाण्यावरचा ओंडका. तेव्हा ही गलबतं वल्हवत यायची, गुराबांना दोरीने ओढून आणायची आणि शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा कमी असतात तिथे, नेऊन उभी करायची. मारा शिडांवर आणि डोलकाठ्यांवर. डाव उलटला तर सरळ उथळ खाडीत शिरायचं, मोठं जहाज मागे येऊ शकत नाही. ताकद कमी होती हे त्यांनी मान्य केलं आणि लढाईची जागा व वेळ आपण ठरवली. मला तर हे डिझाइनचं उत्तम उदाहरण वाटतं.

कुलाबा किल्ल्याची तटबंदीही सिव्हिलवाल्यांनी जाऊन बघावी. मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींमधून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. तीनशे वर्षं लाटा खाऊन भिंत उभी आहे.

मग पायरेट हा शब्द आला कुठून? भांडण होतं परवान्याचं. कान्होजींचं म्हणणं असं की कोकण किनाऱ्याचा समुद्र मराठी राज्याचा आहे, इथून व्यापारी जहाज न्यायचं तर आमचं दस्तक घ्या आणि त्याची फी भरा. दस्तक नसेल तर जहाज जप्त. ऐकायला हे दांडगाईचं वाटतं. पण पोर्तुगीज त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं हेच करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. इंग्रजही आपले पास द्यायचे. फरक एवढाच की पोर्तुगालने परवाना मागितला तर तो कायदा आणि कुलाब्याच्या माणसाने मागितला तर ती चाचेगिरी! इंग्रजांशी करार झाला तरी वाद मिटेना, कारण हिंदी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजांच्या पासाखाली गेला तर तो इंग्रजांचा मानायचा की नाही यावर एकमत होईना.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे गॅदरिंगचं भाषण होईल. नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचं अल्जेरिन नावाचं जहाज कान्होजींच्या आरमाराने पकडलं. त्यावर कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन आणि त्याची कोवळ्या वयाची बायको होती. चाऊन लढाईत मारला गेला आणि ती कैद झाली. फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यात आलं. तीन-साडेतीन महिने परक्या किल्ल्यात, नवरा डोळ्यांदेखत गेलेला, आणि आपली किंमत ठरते आहे. तिच्या जागी मी असते तर मीही पायरेट हाच शब्द वापरला असता. त्या काळी खंडणी घेऊन कैदी सोडणं सगळेच करत होते हे खरं, पण म्हणून तिचे ते महिने सोपे होत नाहीत.

याच सुमारास मराठी राज्यात ताराबाई आणि शाहू महाराज असे दोन पक्ष पडले होते. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. त्यांच्यावर चालून आलेल्या शाहूंच्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, त्यांनी कैद केलं. मग शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पाठवलं. लढाईऐवजी बोलणी झाली आणि १७१४ च्या सुरुवातीला लोणावळ्याला तह झाला. आपण पावसाळ्यात भजी खायला जातो ना, तेच लोणावळा! कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानलं आणि शाहूंनी त्यांचं सरखेलपद आणि किल्ले कायम केले. चाच्याशी असा तह कुणी करत नाही. छत्रपतींच्या सहीशिक्क्याने नेमलेला तो आरमारप्रमुख होता.

त्यानंतर मुंबईला चार्ल्स बून नावाचे गव्हर्नर आले आणि त्यांनी कान्होजींना संपवायचा चंग बांधला. विजयदुर्गावरचा हल्ला फसला. १७१८ मध्ये खांदेरीवरचा फसला. मग त्यांनी फ्राम नावाचा तरंगता तोफखाना खास बांधून घेतला आणि १७२० मध्ये विजयदुर्गासमोर आणून उभा केला. पण तोफांच्या खिडक्यांचं डिझाइन असं चुकलं होतं की नळ्या पुरेशा वर उचलता येईनात, आणि गोळे अलीकडेच पाण्यात पडू लागले. टेस्टिंग न करता प्रोजेक्ट सबमिट केलं की काय होतं ते बून साहेबांना समजलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र झाले, इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची चार जहाजं आली आणि सुमारे सहा हजार सैन्यानिशी कुलाब्यावर चाल झाली. हा हल्लाही परतवला गेला. बाजीराव पेशवे मदतीला धावून आल्यावर पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे. पण त्यांच्यामागे जे झालं ते वाचून वाईट वाटतं. थोरले सेखोजी काही वर्षांत गेले, मग भावाभावांत वाटण्या झाल्या, कुलाबा एकाकडे आणि विजयदुर्ग दुसऱ्याकडे. शेवटी धाकट्या तुळाजींचं आणि पेशव्यांचं बिनसलं आणि पेशव्यांनी इंग्रजांचीच मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला आणि तिथल्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. कान्होजींच्या हयातीत जे इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून करू शकले नाहीत, ते आपल्याच भांडणाने करून दाखवलं.

आज मुंबईत जुन्या बॉम्बे कॅसलच्या जागी, म्हणजे जिथे बून यांच्यासारख्या गव्हर्नरांचा कारभार चालायचा तिथे, भारतीय नौदलाचा तळ आहे. १९५१ पासून त्याचं नाव आय.एन.एस. आंग्रे. १९९८ मध्ये खांदेरी बेटालाही कान्होजींचं नाव दिलं गेलं. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि खांदेरी आहेत.

तर पायरेट की सरखेल? माझ्यापुरतं उत्तर सरखेल. पण ते मला पाटीवरच्या नावामुळे पटलेलं नाही. शाळेतल्या त्या पुस्तकात एक गोष्ट लिहिलेली नव्हती, ती मला उंदेरीसमोर कळली. आम्ही नऊ जणी पैसे भरलेत म्हणून समुद्रावर हक्क सांगत होतो. तांडेल काकांनी नुसतं पाण्याकडे बघितलं आणि बोट वळवली. या किनाऱ्यावर हक्क सांगायचा तर आधी त्याची ओहोटी, त्याचे खडक माहीत हवेत. मोठ्या जहाजातून आलेल्यांना ते माहीत नव्हते, कान्होजींना होते. आणि ज्यांना होते, त्यांनाही उंदेरी मिळाली नाहीच, इतका हा समुद्र कडक आहे.

परतताना आम्ही काकांशी नीट बोललो, सॉरीही म्हणालो. त्यांनी उरलेली तळलेली सुरमई आमच्यापुढे सरकवली. पुढच्या डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलंय. ज्यांना यायचं असेल त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाकडे लक्ष ठेवावं. तारीख मात्र या वेळी सबमिशन बघून नाही, भरतीचं वेळापत्रक बघून ठरणार आहे!