बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला जातात तेव्हा

माझी रूममेट दौंडची. फायनल इयर संपलं की तिला लंडनला बिझनेस स्कूलला जायचंय. रूमच्या भिंतीवर तिने एक यादी चिकटवली आहे : जीमॅट, ट्रान्सक्रिप्ट, सरांची रेकमेंडेशन्स, पासपोर्ट, बँकेचं पत्र, व्हिसा. बँक आणि व्हिसा सोडून सगळ्यांवर टिक आहे. तिचे पप्पा रेल्वेत आहेत. रोज रात्री दौंडहून त्यांचा फोन येतो आणि "जेवलीस का"च्या आधी ते विचारतात, आज पाउंड कितीला आहे?

मी शिरूरची. सुट्टीत घरी जाताना एसटी लोणीकंद, पेरणे फाटा करत जाते. भीमेचा पूल यायच्या आधी डाव्या-उजव्या बाजूला बघत बसायची सवय असल्यामुळे विजयस्तंभ लहानपणापासून पाहिलेला. पूल ओलांडला की कोरेगाव भीमा, म्हणजे आमचा शिरूर तालुका सुरू. दर १ जानेवारीला इथे प्रचंड गर्दी होते. १ जानेवारी १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले होते, हे मला माहीत होतं. पण आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना बाबासाहेब म्हणजे घटनेचे शिल्पकार, निळा कोट आणि पाच मार्कांची टीप. इथे येण्याआधीच्या चौदा वर्षांत हा माणूस काय काय करून बसला होता, ते मी यंदा लायब्ररीत वाचलं. मित्रांनो, रूममेटची यादी त्यापुढे काहीच नाही!

सुरुवात सगळ्यांना माहीत आहे. १९१३ साली, बावीस वर्षांचे असताना, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पाउंड, तीन वर्षं. बदल्यात करारावर सही केली की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करीन. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते, घरी रमाबाई आणि काही महिन्यांचा यशवंत. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्राचा नुसता फडशा पाडला, १९१५ला एम.ए. केलं, आणि १९१६ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिवाय बॅरिस्टर व्हायला ग्रेज इन. इथपर्यंत हे कुठल्याही हुशार मुलाचं चरित्र वाटतं.

१९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा. युनिव्हर्सिटीने एवढीच सवलत दिली की चार वर्षांच्या आत परत या आणि पुढे चालू करा. ऑगस्टमध्ये ते मुंबईला पोचले. महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान ज्या बोटीने येत होतं ती टॉर्पेडोने बुडाली, पुस्तकंही तिच्यासोबत गेली. पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तकं! नुकसानभरपाई मिळाली सहाशे रुपये. त्यातले थोडे घरी ठेवून उरलेल्या पैशात ते कराराप्रमाणे नोकरीला बडोद्याला गेले.

बडोद्यात काय झालं ते त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलंय. त्या छोट्या पुस्तकाचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. आमच्या यादीतलाच शब्द, फक्त व्हिसा स्वतःच्याच देशात हवा होता. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला राहायला कोणी खोली देईना. शेवटी पारशी असल्याचं भासवून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. ऑफिसात शिपाई फाइली लांबून टाकायचे. कराराची दहा वर्षं राहिली बाजूला, काही दिवसांतच ते मुंबईला परतले.

आता खरी तयारी सुरू होते. चार वर्षांचं घड्याळ चालू, खिशात पैसे नाहीत, डोक्यावर संसार. त्यांनी दोन मुलांच्या शिकवण्या घेतल्या. मग शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक फर्म काढली. हे वाचून मी उडालेच. आपल्या कॉलेजचे अर्धे सीनियर्स एमबीए करून जे काम करायची स्वप्नं बघतात, ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. सुरुवातीला गिऱ्हाइकं आली. सल्ला देणारा महार आहे हे कळल्यावर यायची बंद झाली. सल्ला चुकला म्हणून नाही हं!

नोव्हेंबर १९१८मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरची जागा मिळाली, पगार ४५० रुपये. कॉमर्स शिकवणारं हे देशातलं पहिलं सरकारी कॉलेज. तिथे स्टाफच्या माठातलं पाणी यांनी घ्यायचं नाही यावर काही सहकाऱ्यांनी कुरबुर केली. वर्गात मात्र बाहेरच्या कॉलेजची मुलंसुद्धा येऊन बसायची. ४५० रुपये तेव्हा भरपूर होते. तरी घर परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिलं. रमाबाईंच्या हातात ठरावीक रक्कम, बाकी लंडनसाठी बाजूला. चरित्रं इथे भराभर पुढे जातात. मला वाटतं फी भरणाऱ्यांच्या यादीत रमाबाईंचं नाव सगळ्यात वर पाहिजे. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली.

मार्च १९२०मध्ये त्यांनी नोकरी सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार आणि न्यूयॉर्कपासूनचा मित्र नवल भथेना याच्याकडून पाच हजारांचं कर्ज, एवढ्यावर जुलैमध्ये पुन्हा बोट धरली. मुदतीला सव्वा वर्ष शिल्लक होतं.

लंडनमधले हाल बऱ्याच जणांनी वाचले असतील. बोर्डिंग हाऊसमधला जेमतेम नाश्ता, दिवसभर ब्रिटिश म्युझियमची लायब्ररी, रात्री भुकेला ओळखीच्या माणसाने दिलेले पापड. पण मला (इंजिनिअर असल्यामुळे असेल) आकड्यांनी पकडलं. १९२०च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. १९२१मध्ये तो घसरून एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. शिलिंगमध्ये पेन्स बारा, पाउंडात शिलिंग वीस. मी कॅल्क्युलेटर घेतला. दोन शिलिंगांनी पाच हजार रुपयांचे होतात ५०० पाउंड. एक शिलिंग चार पेन्सने ३३३. म्हणजे भारतातून रुपये मागवणाऱ्या विद्यार्थ्याचा तिसरा हिस्सा काहीही न करता गायब!

आणि त्याच वेळी हा विद्यार्थी कशावर प्रबंध लिहीत होता? रुपयावर. रुपयाची किंमत कशी ठरते, कोण ठरवतं, त्यात कोण भरडलं जातं. १९२१ला एम.एस्सी., १९२२ला बॅरिस्टर, आणि त्याच वर्षी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' डी.एस्सी.साठी सादर. परीक्षकांना ब्रिटिश धोरणावरची टीका झेपली नाही, परत लिहा म्हणाले. लंडनमध्ये राहून लिहायला पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३मध्ये ते मुंबईला आले आणि त्याच चाळीत बसून प्रबंध पुन्हा तयार करून पाठवला. निष्कर्ष बदलले नाहीत. वर्षअखेरीला डिग्री मिळाली आणि पुस्तकही छापून आलं. वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते, तेही भथेनांनीच दिले. पुढे वकिली जमेपर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला.

१ जानेवारी १९२७ला कोरेगावला आलेला माणूस हा असा होता. वय पस्तीस, जगातल्या दोन मोठ्या युनिव्हर्सिट्यांत शिकलेला, अजून क्लासेस घेऊन घर चालवणारा. महाडचं चवदार तळं अजून अडीच महिने लांब होतं.

हे सगळं मी रूममेटला रात्री सांगितलं. तिने ५०० आणि ३३३ चा हिशोब स्वतः करून पाहिला, आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, भथेनासारखा मित्र कुठे मिळेल? रविवारी तिचे पप्पा दौंडहून आले, प्लास्टिकच्या पिशवीत शेताचा सातबारा घेऊन. तारण ठेवायला. तिने पिशवी उघडली नाही, तशीच कपाटात ठेवली. आज गुरुवार आहे, अजून तिथेच आहे.