चिंता मोजणारे डॉ. मॅक्स हॅमिल्टन

मनोविकारतज्ज्ञांकडून परत आलेल्या आजींच्या फाइलमध्ये एका कोपऱ्यात हॅम-ए २४ असं लिहिलेलं असतं. शुगरच्या रिपोर्टसारखा तो आकडा घेऊन मुलगा माझ्याकडे येतो आणि विचारतो की नॉर्मल किती असतं, आणि हा किती वाढलाय? त्यातला ए म्हणजे अँग्झायटी, चिंता. आणि हॅम म्हणजे हॅमिल्टन नावाचे एक डॉक्टर. ते कोण होते हे कळलं, की आकड्याकडे कसं बघायचं हेही बरंचसं कळतं.

मॅक्स हॅमिल्टन यांचा जन्म १९१२ मध्ये जर्मनीतल्या ऑफेनबाख इथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना घरचे इंग्लंडला आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये ते डॉक्टर झाले आणि आधी ईस्ट एंड या कष्टकऱ्यांच्या भागात त्यांनी जनरल प्रॅक्टिस केली. म्हणजे आमच्यातलेच! दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात डॉक्टर होते. त्या काळात त्यांची मनोविकारांकडे ओढ वाढली. पुढे मानसोपचाराबरोबर त्यांनी संख्याशास्त्रही शिकून घेतलं. १९५० च्या दशकात ते लीड्सला गेले आणि तिथलेच झाले.

तो काळ मनावरच्या नव्या औषधांचा होता. गोळी दिली, पेशंट थोडा बरा वाटतो. पण थोडा म्हणजे किती? एका डॉक्टरला बराच फरक दिसायचा, दुसऱ्याला काहीच नाही. हॅमिल्टन यांनी १९५९ मध्ये चिंतेची मोजपट्टी मांडली आणि १९६० मध्ये नैराश्याची. चिंतेच्या आज वापरात असलेल्या पट्टीत १४ मुद्दे आहेत. प्रत्येकाला ० ते ४ गुण, जास्तीत जास्त ५६. साधारण १७ पर्यंत सौम्य, १८ ते २४ मध्यम, त्यापुढे जास्त, असं धरतात.

हा फॉर्म पेशंटने भरायचा नसतो. डॉक्टर समोर बसवून बोलतात, बघतात आणि गुण देतात. हात चोळले जातात का, आवंढा गिळला जातो का, हेही त्यात येतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ज्यांना चिंतेचा आजार आहे हे आधीच ठरलंय, त्यांच्यात तो किती आहे आणि उपचाराने किती उतरला, एवढ्यासाठीच हॅमिल्टन यांनी ही पट्टी केली. आजार आहे की नाही हे ठरवायला नव्हे.

नेमकी इथेच वयस्कर माणसांच्या बाबतीत गफलत होते. १४ पैकी ७ मुद्दे शरीराचे आहेत: अंगदुखी, कानात आवाज, धडधड, दम लागणं, पोटाच्या तक्रारी, लघवी, घाम. सत्तरीतल्या माणसाला यातलं काय नसतं? चुलीच्या धुराने छाती गेलेली, प्रोस्टेट वाढलेलं, गुडघे धरलेले. मन शांत असलं तरी गुण चढतात.

माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका आजींचे गुण २६ भरले. धडधड, दम, झोप नाही. मी झोपेची गोळी लिहून दिली. रात्री लघवीला उठताना त्या पडल्या, मनगट मोडलं. त्यानंतर केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन ७ निघालं. आता ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि दम्याच्या गोळ्यांची यादी आधी बघतो, पट्टी नंतर काढतो.

ही अडचण ओळखून २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी खास ज्येष्ठांसाठी २० विधानांची प्रश्नावली केली. उत्तर फक्त पटतं किंवा पटत नाही, आणि शारीरिक तक्रारी त्यात मुद्दाम कमी ठेवल्या आहेत. तरी आपल्याकडची भाषा उरतेच. आपले आजोबा मला चिंता वाटते असं सहसा म्हणत नाहीत. जीव घाबरतो, घोर लागलाय, छातीत कसंतरी होतंय, असं म्हणतात. शरीराचे मुद्दे सरसकट गाळले तर ही माणसं निसटतात.

हॅमिल्टन १९६३ मध्ये लीड्सला मानसोपचाराचे प्राध्यापक झाले, १९७७ मध्ये निवृत्त झाले आणि १९८८ मध्ये वारले. त्यानंतर पाच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. त्या पट्ट्यातले काही वयस्कर पेशंट आजही चारच्या सुमारास दचकून उठतात. झोपेच्या मुद्द्यात त्यांना ३ गुण मिळतात. त्या तिनामागे काय आहे, ते बसून विचारल्याशिवाय कागदावर येत नाही. नैराश्याच्या पट्टीसाठी तर हॅमिल्टन यांनी शक्य असेल तर दोन डॉक्टरांनी बसून वेगवेगळे गुण द्यावेत असं सुचवलं होतं. आपल्या ओपीडीत एकालाच पंधरा-वीस मिनिटं काढणं जड जातं, हे खरंय.

म्हणून नातेवाइकांना माझं एवढंच सांगणं असतं. प्रश्न विचारताना आईच्या वतीने उत्तर देऊ नका. तिच्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट आणा. झोपेची गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम बंद करू नका, आम्हाला विचारून हळूहळू कमी करा. आणि २४ चा आकडा शेजारच्या कुणाच्या आकड्याशी नव्हे, तिच्याच सहा आठवड्यांनंतरच्या आकड्याशी लावून बघा. शक्यतो त्याच डॉक्टरांकडून काढलेल्या.