स्वतःच्या पायावर शिकलेले डॉक्टर

मूल मान धरत नाही, बसत नाही, पाय कडक ठेवते, अशी तक्रार घेऊन आई दवाखान्यात येते, तेव्हा डॉक्टर मुलाला हात लावण्याआधी काही साधे प्रश्न विचारतात. बाळ पूर्ण दिवसांचे होते का? प्रसूतीला किती वेळ लागला? जन्मल्याबरोबर ते रडले का? मुलांच्या पुनर्वसनाचे वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे प्रश्न सुरुवातीलाच पाठ होतात. एके काळी ते फारसे कोणी विचारत नव्हते, हे आज सांगूनही पटणार नाही. ते विचारायची सवय वैद्यकाला ज्यांनी लावली, ते डॉ. विल्यम जॉन लिटल स्वतः लहानपणापासून लंगडत होते.

लिटल यांचा जन्म ७ ऑगस्ट १८१० रोजी लंडनमध्ये झाला. शहराच्या पूर्वेकडील ऑल्डगेट भागात त्यांच्या घरच्यांची सराई होती. अगदी लहानपणीच आजारपणात त्यांच्या डाव्या पायातील शक्ती गेली. तो आजार पोलिओ असावा, असे आज मानले जाते. पण तेव्हा त्या रोगाला नावही नव्हते. पायाचे काही स्नायू दुबळे झाले, काही आखडले आणि टाच वर ओढली जाऊन पाऊल आत वळले. आजच्या भाषेत हा क्लबफूट. बहुतेक मुलांत तो जन्मतःच असतो, लिटल यांना तो आजारातून आला.

त्या काळी अशा मुलापुढे फारसे पर्याय नव्हते. पट्ट्या, लाकडी फळ्या, लोखंडी सांगाडे असलेले बूट आणि आयुष्यभराचे लंगडणे. सोळाव्या वर्षी लिटल औषधे देणाऱ्या एका वैद्याकडे उमेदवारीला राहिले. वैद्यकात शिरण्याचा तो तेव्हाचा सर्वमान्य रस्ता होता. पुढे लंडन हॉस्पिटलमध्ये शिक्षण घेऊन १८३२पर्यंत ते रीतसर परवानाधारक झाले. आपल्या पायाबद्दल जे जे छापून आले होते, ते त्यांनी वाचून काढले. त्यातच त्यांना एका शस्त्रक्रियेची माहिती मिळाली.

दोरी कापायची, पण कशी?

स्नायूला हाडाशी जोडणारी जी चिवट दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. टाचेमागे हाताला लागते ती शरीरातील सर्वांत जाड कंडरा. ती आखडली की टाच जमिनीला टेकत नाही. ती कापली तर पाऊल सरळ करता येईल, ही कल्पना सोपी होती. फ्रान्समधील माँपेलिए येथे डेलपेश यांनी १८१६मध्ये हे करून पाहिले. जखमेत पू झाला, रुग्ण बरा व्हायला फार वेळ लागला आणि डेलपेश यांनी पुन्हा ती शस्त्रक्रिया केली नाही. जंतू आणि जंतुनाशक यांची कल्पना येण्याआधीचा तो काळ होता. उघडी जखम म्हणजे पू, हे गृहीतच धरले जाई. पाय सरळ करण्याच्या नादात जीव जाण्याचा धोका होता.

जर्मनीतील हॅनोव्हर शहरात लुई स्ट्रोमायर यांनी यातून वाट काढली. कातडी उघडण्याऐवजी त्यांनी एक अरुंद, बारीक सुरी कातडीखालून सरकवली आणि आतल्या आत कंडरा कापली. बाहेर फक्त टोचल्याएवढी खूण राहिली. जखम उघडी नसल्याने पू होण्याची शक्यता फार कमी झाली. कापल्यावर लगेच पाऊल ओढायचे नाही, काही दिवस थांबायचे आणि मग साधनांच्या मदतीने ते हळूहळू सरळ करत न्यायचे, ही त्यांची शिस्त होती.

लिटल जर्मनीला गेले. बर्लिनमधील नामवंत शल्यचिकित्सक डिफेनबाख त्या वेळी या उपायाबद्दल साशंक होते. तरीही लिटल हॅनोव्हरला पोहोचले आणि जून १८३६मध्ये त्यांनी स्ट्रोमायर यांच्यापुढे आपला पाय ठेवला. गुंगीचे औषध वापरात यायला अजून दहा वर्षे होती. पंचविशीतल्या या डॉक्टरने कंडरा कापली जाताना पूर्ण शुद्धीत सहन केले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. काही आठवड्यांनी पाऊल जागेवर आले आणि लिटल टाच टेकवून चालू लागले.

पाय बरा झाल्यावर घरी परतायला हरकत नव्हती. लिटल मात्र तिथेच राहिले. ज्या हातांनी आपला पाय सरळ केला, त्या हातांचे कसब त्यांना शिकायचे होते. स्ट्रोमायर यांच्याकडे ते शिकले, मग बर्लिनला जाऊन त्यांनी तिथल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांचा पाय पाहून डिफेनबाख यांचेही मत बदलले. वाकड्या पावलाच्या विषयावरच प्रबंध लिहून १८३७मध्ये लिटल यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडनला परतून त्यांनी ही शस्त्रक्रिया इंग्लंडमध्ये प्रथमच केली. पुढे मुलगा झाला तेव्हा गुरूची आठवण म्हणून त्याचे नाव लुई स्ट्रोमायर लिटल ठेवले.

खाट नसलेली मुले

शस्त्रक्रिया काही मिनिटांची होती. खरे काम त्यानंतर सुरू होई. पाऊल रोज थोडे थोडे सरळ करायचे, साधन नीट बसले आहे की नाही ते पाहायचे, कातडीला इजा होऊ द्यायची नाही, मग स्नायूंना व्यायाम द्यायचा आणि मुलाला चालायला शिकवायचे. याला आठवडे, कधी महिने लागत. अपघात आणि साथीच्या रुग्णांनी भरलेल्या सर्वसाधारण रुग्णालयात अशा मुलासाठी इतके दिवस खाट अडवणे परवडत नसे. गरिबाघरच्या मुलाला तर दारच बंद होते.

म्हणून लिटल यांनी लंडनमध्ये केवळ अस्थिव्यंगाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय काढायचा घाट घातला आणि १८४०मध्ये ब्लूम्सबरी स्क्वेअर येथे ते सुरू झाले. एकाच प्रकारचे रुग्ण एका छताखाली आल्याचा दुहेरी उपयोग झाला. रुग्णांची सोय झाली आणि डॉक्टरांना शिकायला जागा मिळाली. वर्षाकाठी असा एखादा पाय पाहणारा डॉक्टर आणि रोज अनेक पाय पाहणारा डॉक्टर यांच्या नजरेत फरक पडणारच. विशेषज्ञ घडतो तो अशाच ठिकाणी. पुढे इतर दोन रुग्णालयांसह हे रुग्णालय एकत्र झाले आणि त्यातून रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभे राहिले. ते आजही चालू आहे.

याच रुग्णालयात लिटल यांना एक वेगळी गोष्ट खटकू लागली. काही मुलांचे पाय वाकडे नव्हते, कडक होते. मांड्या एकमेकींना चिकटलेल्या, गुडघे वाकलेले, चालताना पावलांची कात्री होणारी. कुणाचे हातही आखडलेले, कुणाला बोलणे जड जाणारे, आणि तरीही त्यातील काहींची समज चांगली. इथे दोष स्नायूंचा किंवा हाडांचा नव्हता, वरून येणाऱ्या आज्ञेचा होता. लिटल आयांना विचारत गेले आणि पुन्हा पुन्हा तशीच हकिगत ऐकत गेले. बाळ दिवसांआधी झाले, प्रसूती फार लांबली, बाळ निळे पडले होते, बराच वेळ श्वास घेत नव्हते.

सुईणीला न दिसलेले

१८४०च्या दशकातच लिटल यांनी व्याख्यानांतून याचा उल्लेख केला होता. २ ऑक्टोबर १८६१ रोजी त्यांनी लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेपुढे आपला सविस्तर निबंध वाचला. त्यामागे वीसेक वर्षांत पाहिलेल्या सुमारे दोनशे मुलांचा अनुभव होता. अवघड प्रसूती, अकाली जन्म आणि जन्मताना कोंडलेला श्वास यांमुळे बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते आणि तिचा परिणाम मुलाच्या हालचालींवर व बुद्धीवर आयुष्यभर राहू शकतो, हे त्यात मांडले होते.

श्रोत्यांना हे गैरसोयीचे होते. जन्मताना बाळ एक तर दगावते किंवा सावरून पूर्ण बरे होते, असाच तेव्हाचा समज होता. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरला किंवा सुईणीला बाळ रडले की काम संपल्यासारखे वाटे. तेच बाळ तीन-चार वर्षांनी कसे चालते, हे पाहायची वेळ त्यांच्यावर येत नसे. हाडांच्या डॉक्टरला ते चालणे दिसे, पण जन्माची हकिगत त्याच्या कानावर येत नसे. लिटल यांनी ही दोन टोके जोडली. मुलाचे दुखणे आज दिसते तेवढ्यावरून कळत नाही, त्याचा सगळा प्रवास विचारावा लागतो, हा धडा त्यातून वैद्यकाला मिळाला. दोन्ही पायांत ताठरपणा असणारा हा प्रकार पुढे बरीच वर्षे लिटलचा आजार म्हणून ओळखला गेला. आज तो सेरेब्रल पाल्सी या मोठ्या गटात मोडतो.

लिटल यांचे सगळे बरोबर होते असे नाही. १८९७मध्ये व्हिएन्नाच्या एका मज्जाविकारतज्ज्ञाने वेगळा विचार मांडला. काही वेळा बाळाच्या मेंदूतील दोष गर्भातच सुरू झालेला असतो आणि अवघड प्रसूती हा त्याचाच परिणाम असू शकतो, असे त्याचे म्हणणे होते. हा तज्ज्ञ म्हणजे पुढे मनोविश्लेषणामुळे जगप्रसिद्ध झालेला सिग्मंड फ्रॉइड. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठ्या पाहण्यांनी त्याच्या बाजूने कौल दिला. जन्मताना श्वास कोंडल्याने होणाऱ्या सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण समजत होते त्यापेक्षा कमी निघाले. त्यामुळे प्रत्येक वेळी प्रसूती करणाऱ्यावर किंवा आईवर दोष ठेवणे चुकीचे आहे. तरीही कमी दिवसांचा जन्म हे आजही मोठे कारण आहे, आणि आपल्याकडे जन्मतःचा श्वासरोध, तीव्र कावीळ व मेंदूचा जंतुसंसर्ग यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. लिटल यांचे उत्तर अपुरे ठरले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न टिकला.

७ जुलै १८९४ रोजी केंट परगण्यातील वेस्ट मॉलिंग येथे लिटल यांचे निधन झाले. त्यांचा दुसरा मुलगा अर्नेस्ट म्युअरहेड लिटल हाही अस्थिव्यंगतज्ज्ञ झाला, १९१८मध्ये ब्रिटिश ऑर्थोपेडिक असोसिएशनचा पहिला अध्यक्ष झाला आणि महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या कृत्रिम अवयवांवर त्याने काम केले.

आजचे शिक्षण

मुलांचे पुनर्वसन ही आज स्वतंत्रपणे शिकायची विद्या आहे. अमेरिकेत पुनर्वसन वैद्यकाचा विशेषज्ञ झाल्यावर केवळ मुलांसाठी आणखी दोन वर्षांचे प्रशिक्षण असते. आपल्याकडे पुनर्वसन वैद्यकात एमडी करता येते. मुंबईत हाजी अलीजवळची, १९५५मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था हे या शिक्षणाचे जुने केंद्र आहे. तिथे डॉक्टरबरोबर फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि कृत्रिम साधने बनवणारे कारागीर एकत्र काम करतात. लिटल यांना जे एकट्याने जुळवावे लागले, त्याची आता अशी वाटणी झाली आहे.

लिटल यांच्या पायावर चाललेली ती बारीक सुरीही इतिहासजमा झालेली नाही. क्लबफूटवर आज सर्वमान्य असलेल्या पॉन्सेटी पद्धतीत बाळाचे पाऊल दर आठवड्याला थोडे वळवून प्लास्टर घालतात आणि शेवटी बऱ्याच बाळांत टाचेमागची कंडरा बारीकशा छेदातून कापतात. त्यानंतर विशेष बूट काही वर्षे वापरावे लागतात, आणि ते मध्येच सोडले तर पाऊल पुन्हा वळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या जन्मजात व्यंगांची तपासणी होते, त्यांत क्लबफूटही आहे. २०१३मध्ये या कार्यक्रमाची सुरुवात महाराष्ट्रातील पालघरमधून झाली. अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासायची आणि गरज असेल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, अशी त्याची रचना आहे.

पालकांनी यातून एवढे लक्षात ठेवावे. चार महिन्यांनंतरही बाळ मान सावरत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल किंवा लंगोट बदलताना त्याचे पाय कडक लागत असतील, तर आपोआप होईल म्हणून थांबू नये. दवाखान्यात जाताना प्रसूतीच्या वेळचे कागद सोबत न्यावेत. डॉक्टर जन्माबद्दल विचारतील, तेव्हा ते आईला बोल लावण्यासाठी नसते. मुलाला कुठून सुरुवात करून चालवायचे, हे त्यांना त्या उत्तरावरून ठरवायचे असते.