मुलांचे पुढे काय झाले, हे विचारणारा डॉक्टर

निराधार मुलाला डोक्यावर छप्पर, दोन वेळचे जेवण आणि अंगभर कपडा मिळाला की समाजाचे कर्तव्य संपले, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतही रूढ होती. अनाथालयात खाटा किती, खर्च किती, स्वच्छता कशी, याच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या जात. मात्र तेथून बाहेर पडलेल्या मुलांचे पुढे काय झाले, याची विचारपूस क्वचितच होई. हा प्रश्न जागतिक व्यासपीठावर नेण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्यांत ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचे नाव अग्रभागी आहे. विशेष म्हणजे, इतरांच्या कामाला लावलेली कसोटी त्यांनी स्वतःच्या निष्कर्षांनाही लावली.

बोल्बी यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सर अँथनी बोल्बी हे राजघराण्याचे शल्यचिकित्सक होते. उच्चवर्गीय घरांच्या रीतीप्रमाणे सहाही भावंडे दाईच्या हाताखाली वाढली. आईची भेट दिवसातून ठरावीक वेळीच होई. छोट्या जॉनचा जीव जिच्यात गुंतला होता, ती मिनी नावाची दाई तो चार वर्षांचा असताना घर सोडून गेली. पुढे बालवयातच त्याची रवानगी निवासी शाळेत झाली. सुबत्तेत वाढलेल्या मुलाच्या वाट्यालाही दुरावा येऊ शकतो, हे त्यांनी असे लवकर अनुभवले.

नौदलाच्या प्रशिक्षणानंतर त्यांनी केंब्रिजमध्ये शिक्षण घेतले आणि वैद्यकीय अभ्यासक्रम पूर्ण करण्याआधी काही काळ वर्तनसमस्या असलेल्या मुलांच्या शाळेत काम केले. चोरीमुळे आधीच्या शाळेतून काढून टाकलेला, कोणाशीही जवळीक न साधणारा एक मुलगा त्यांना तेथे भेटला. त्याच्या आयुष्यात स्थिर असे आईचे माणूस कधी नव्हतेच. या मुलाने बोल्बी यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवली. १९३३मध्ये डॉक्टर झाल्यावर ते मनोविकारशास्त्र आणि मनोविश्लेषणाकडे वळले. त्या काळचे अनेक मनोविश्लेषक मुलाच्या मनातील कल्पनांना महत्त्व देत. बोल्बी यांना मात्र त्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष काय घडले, हे जाणून घ्यायचे होते.

लंडनच्या बालमार्गदर्शन चिकित्सालयात त्यांनी चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास केला आणि तुलनेसाठी चोरी न करणारी, पण उपचारासाठी आलेली आणखी ४४ मुले घेतली. चोरी करणाऱ्यांपैकी १४ मुले त्यांना भावनाशून्य वाटली आणि त्यांतील १२ जणांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. उरलेल्या ३० जणांत अशी मुले पाच, तर तुलनागटात अवघी दोन होती. १९४४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील उणीव आज सहज दिसते. निदान करणारे आणि पूर्वायुष्य तपासणारे डॉक्टर एकच होते, आणि माहिती मागे वळून गोळा केलेली होती. तरीही तुलनागट घेऊन हा प्रश्न मोजू पाहण्याची पद्धत त्या काळात नवी होती.

दरम्यान युद्ध पेटले होते. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने सप्टेंबर १९३९मध्ये ब्रिटनमधील लाखो मुले शहरांतून ग्रामीण भागातील अनोळखी घरांत पाठवण्यात आली. पाच वर्षांखालील मुलांना आईपासून असे तोडण्यात धोका आहे, असा इशारा बोल्बी यांनी दोन सहकाऱ्यांसह त्याच वर्षी एका वैद्यकीय नियतकालिकातील पत्राद्वारे दिला. स्वतः ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. अधिकारी निवडीच्या कामात त्यांना संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धतीची जी ओळख झाली, ती पुढे फार उपयोगी पडली.

परक्या घरात ठेवलेले मूल तेथे सुखरूप असेलच, या भ्रमाला जानेवारी १९४५मध्ये हादरा बसला. श्रॉपशायरमधील एका शेतावर प्रतिपालकांकडे ठेवलेल्या १२ वर्षांच्या डेनिस ओ'नीलचा मारहाण आणि उपासमारीने मृत्यू झाला. ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली. पुढे कर्टिस समितीचा १९४६चा अहवाल आणि १९४८चा बालक कायदा आला. संस्थेपेक्षा कुटुंब बरे, असे समितीचे मत होते. पण त्या कुटुंबावर जाणकारांची देखरेख हवी, हा धडा डेनिसच्या मृत्यूने दिला होता.

अशा वातावरणात जागतिक आरोग्य संघटनेने बेघर मुलांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल तयार करण्याचे काम १९५०मध्ये बोल्बी यांच्यावर सोपवले. त्यांनी युरोपातील काही देशांचा आणि अमेरिकेचा दौरा केला, संशोधकांना आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना भेटले आणि विखुरलेले पुरावे एकत्र केले. न्यूयॉर्कच्या विल्यम गोल्डफार्ब यांचा अभ्यास त्यांना विशेष बोलका वाटला. त्यात १५ मुले तान्हेपणापासून प्रतिपालक कुटुंबात वाढलेली, तर १५ मुले सुमारे तीन वर्षे संस्थेत राहून मग कुटुंबात गेलेली होती. किशोरवयाच्या उंबरठ्यावर पहिल्या गटाचा सरासरी बुद्ध्यांक ९५च्या आसपास, तर दुसऱ्याचा अवघा ७२च्या आसपास भरला.

१९५१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मोठी खळबळ उडवली. त्याच्या संक्षिप्त आवृत्तीच्या लाखो प्रती खपल्या. बोल्बी यांचा आग्रह केवळ संस्था बंद करण्याचा नव्हता. मूल संस्थेत ठेवण्यासाठी सरकारे जो पैसा खर्च करतात, त्यातील काही अडचणीतल्या आईला दिला तर ताटातूटच टळेल, असे त्यांचे म्हणणे होते. मूल नव्या घरी कोरी पाटी घेऊन जात नाही. जन्मदात्यांशी असलेले त्याचे नाते तोडू नये, हेही त्यांनी निक्षून मांडले. प्रतिपालक कुटुंबाच्या कामाची ही सूत्रे आजही उपयोगी पडतात.

मात्र अहवालातील काही विधाने पुराव्याच्या पुढे गेली होती, आणि हे दाखवणाऱ्यांमध्ये स्वतः बोल्बीच होते. चार वर्षांच्या आत क्षयरोगाच्या आरोग्यधामात दीर्घकाळ राहिलेल्या ६० मुलांचा त्यांनी सहकाऱ्यांसह मागोवा घेतला आणि शालेय वयात त्यांची वर्गमित्रांशी तुलना केली. १९५६मध्ये आलेला निष्कर्ष अपेक्षेपेक्षा सौम्य होता. या मुलांत अडचणी काहीशा जास्त होत्या. पण बुद्धीत लक्षणीय फरक नव्हता आणि बहुतेक मुले भावनाशून्यही झालेली नव्हती. अशा मुलांचा स्वभाव सहसा कायमचा बिघडतो, हे आपले पूर्वीचे म्हणणे चुकीचे ठरल्याची कबुली बोल्बी आणि सहकाऱ्यांनी त्याच लेखात दिली. जगभर गाजलेल्या अहवालाच्या कर्त्याने पाच वर्षांत असे लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती.

टीका थांबली नाही. आईने नोकरी करू नये, असा अर्थ त्यांच्या लेखनातून काढला गेला आणि स्त्रीवाद्यांनी त्यांना धारेवर धरले. मायकेल रटर यांनी १९७२मध्ये दाखवून दिले की, ताटातूट, कौटुंबिक कलह आणि कोणाशीही नाते न जुळणे या तीन वेगळ्या गोष्टी असून त्यांचे परिणामही वेगळे असतात. बोल्बी यांनी स्वतः १९६९ ते १९८० या काळात तीन खंडांतून अनुबंधाचा सिद्धांत मांडला, तर त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी त्याला निरीक्षणांचे भक्कम बळ दिले.

२ सप्टेंबर १९९० रोजी स्कॉटलंडच्या स्काय बेटावर बोल्बी यांचे निधन झाले. त्याच सुमारास रुमानियातील सरकारी अनाथालयांची विदारक चित्रे जगापुढे येत होती. पुढे बुखारेस्टमध्ये अमेरिकी संशोधकांनी १३६ मुलांपैकी निम्मी मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून प्रशिक्षित प्रतिपालकांकडे दिली. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, साडेचार वर्षांच्या वयात कुटुंबात गेलेल्यांचा सरासरी बुद्ध्यांक ८१, तर संस्थेत राहिलेल्यांचा ७३ होता. आणि जितक्या लवकर मूल घरात गेले, तितका लाभ अधिक होता.

भारताच्या २०१५च्या बाल न्याय कायद्यानेही संस्था हा अखेरचा पर्याय मानला असून प्रतिपालक कुटुंबाची तरतूद केली आहे. पण तरतुदीने काम संपत नाही. मूल कोणत्या घरी गेले, ही नोंद जशी महत्त्वाची, तशीच दहा वर्षांनी ते कसे आहे, ही नोंदही महत्त्वाची आहे. ती ठेवली, तरच पुढच्या मुलासाठी घर निवडताना चूक टाळता येईल.